मामांचा गुरुवार

जगात आजवर जेवढे कार्यक्रम जाहीर झाले असतील, त्यांतले निम्मे तरी आमच्या मामांनी भिवंडीच्या सिनेगॉगच्या फळ्यावर जाहीर केलेले आहेत, अशी माझी पक्की समजूत आहे. उरलेले निम्मेही त्यांनाच सुचले होते. फळ्यावर जागा नव्हती म्हणून राहिले. आमचा समाज तो केवढा! बेने इस्रायलांची, म्हणजे आम्हा मराठी ज्यूंची, भिवंडीत उरलेली घरं बोटांवर मोजावीत आणि मोजून झाल्यावर एखादं बोट शिल्लक राहावं. बाकीचे कोणी इस्रायलला, अश्दोदला गेले, कोणी ठाण्याला. पण एखाद्या परक्या माणसाने नुसता फळा वाचला, तर त्याला वाटावं की आत शेकडो विद्यार्थी दाटीवाटीने बसलेले असणार. रविवारी हिब्रू अक्षरओळख. सोमवारी स्तोत्रांच्या चाली, नवशिक्यांसाठी. मंगळवारी स्तोत्रांच्या चाली, मुरलेल्यांसाठी. बुधवारी शोफार फुंकण्याचा सराव, घसा बसलेला असल्यास येऊ नये. ‘नव्याच्या सणाची तयारी : कोणी काय शिकावे.’ ‘नवगावच्या जुन्या दफनभूमीला सहल, छत्री आणणे.’ आणि सगळ्यांच्या शेवटी, दोन रेघांवर उभं केलेलं ठळक वाक्य : ‘सर्वांनी यावे.’ आता सोमवारचे नवशिके आणि मंगळवारचे मुरलेले ही तीच पाच माणसं होती, हे मामा सोडून सर्वांना माहीत होतं.

मामा म्हणजे माझ्या आईचे चुलतभाऊ. तिच्याहून चार वर्षांनी लहान. पण मामा हे नातं त्यांनी माझ्यापुरतं कधी ठेवलं नाही. समाजातली ऐंशीची माणसंही त्यांना मामाच म्हणत. अंगाने काटकुळे, डोक्यावर बारा महिने तीच विणलेली गोल टोपी, आणि खिशाच्या जागी पांढरा डाग, कारण खडू ते खिशात ठेवत. त्यांना बसलेलं पाहिल्याचं मला आठवत नाही. ते टेकत. खुर्चीच्या कडेला, ओट्याच्या कोपऱ्याला, स्कूटरच्या सीटला, असे टेकत की पाहणाऱ्याला वाटावं, ही वस्तू त्यांनी नुसती धरून ठेवली आहे. चहा उभ्याने घेत आणि अर्धाच घेत. आई म्हणायची, “याच्या उरलेल्या अर्ध्या कपांवर एक हॉटेल चाललं असतं.” कुठलाही कार्यक्रम सुरू झाला की मामांचा त्यातला रस संपे. प्रार्थना चालवणारे हजान पहिलं वाक्य म्हणतात न म्हणतात, तोच मामा शेजारच्याच्या कानाशी लागत, “हे तर झालंच म्हणा. पुढचं काय?” एका लग्नात, लग्न लागताना नवऱ्याने फोडायचा काचेचा पेला अजून फुटायचा होता, तेव्हा मामांनी त्याच्या बापाला विचारलं होतं, “नातवाच्या सुंतेला हॉल हाच ठेवायचा ना?”

हा स्वभाव त्यांच्या धंद्यातून आला, असं आईचं मत होतं. कामतघरच्या एका यंत्रमाग कारखान्यात मामांनी उभा जन्म लूमवर जॉबर म्हणून काढला. जॉबर म्हणजे बिघडलेला लूम दुरुस्त करून परत चालू करणारा माणूस. चाळीस लूम खडखडत असताना त्यातला एक थांबला, तर ते त्यांना पाठमोरं असूनही कळे. “चालू लूमकडे जॉबरचं काय काम?” ते म्हणत. “थांबला म्हणजे कुठेतरी धागा तुटला. धावायचं.” निवृत्त झाल्यावर धावायला लूम उरले नाहीत, म्हणून त्यांनी सिनेगॉग धरलं. वीज जाऊन सगळं कामतघर गप्प झालं, की मी सुखाने पुस्तक उघडत असे. मामा मात्र त्या शांततेत घाबरेघुबरे होऊन आमच्या दारात येत आणि आईला विचारत, “ताई, सगळं ठीक आहे ना?”

जे शिकवायला कोणी मिळत नसे, ते मामा स्वतः शिकवत, आणि स्वतःला येत नसलं तर जास्त उत्साहाने शिकवत. शोफार म्हणजे मेंढ्याचं शिंग. नव्याच्या सणाला, म्हणजे आमच्या नववर्षाला, ते फुंकायचं असतं आणि ते वाजवणं सोपं नाही. मामांच्या वर्गात पहिले दोन बुधवार नुसती हवाच गेली. तिसऱ्या बुधवारी मामांच्या शिंगातून असा काही लांबलचक भोंगा निघाला, की मागच्या कारखान्यातले चार कारागीर डबे हातात घेऊन बाहेर आले. एकाने कंपाउंडवरून डोकावून विचारलं, “चाचा, छुट्टी हो गई क्या?” दुसरा कोणी असता तर ओशाळला असता. मामा म्हणाले, “अभी नहीं, अभी सीख रहे हैं. कैसा बजा? शिफ्ट का लगा ना?” आणि त्या चौघांना तिथेच उभं करून त्यांनी आणखी तीनदा वाजवून दाखवलं, आणि कुठला भोंगा सगळ्यांत खरा वाटला यावर त्यांचं मत घेतलं. पुढच्या आठवड्यात फळ्यावर ‘शोफार सराव’च्या खाली नवी ओळ होती : ‘शेजाऱ्यांनी काम चालू ठेवावे.’

पण मामांच्या फळ्याची खरी भानगड दिवसांची होती. आमच्या धर्मात दिवस संध्याकाळी सुरू होतो. सूर्य बुडाला की तारीख बदलली. म्हणजे शुक्रवारी दिवे लागले की शनिवार, आमचा शब्बाथ, आणि शनिवारी चांदण्या दिसल्या की रविवार. सणावारांपुरतं हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं. बाकी ऑफिस, शाळा, गॅसचा सिलिंडर यांसाठी सगळे चारचौघांसारखे दिवस धरतात. मामांनी मात्र एक नियम केला होता : धर्माच्या कामाला धर्माचा दिवस, इतर कामाला इंग्रजी दिवस. नियम उत्तम होता. फक्त कुठलं काम धर्माचं, ते त्यांनी कुणाला सांगितलेलं नव्हतं. ‘रविवारी संध्याकाळी हिब्रू अक्षरओळख, नंतर नाश्ता’ असं एकदा लागलं. अर्धी माणसं शनिवारी संध्याकाळी आली, अर्धी रविवारी. शनिवारवाल्यांना अक्षरं मिळाली, नाश्ता मिळाला नाही.

“मामा, नाश्ता?” कोणीतरी विचारलं.

“नाश्ता उद्या. नाश्ता काय धर्माचं काम आहे?”

“आणि उद्या येतील त्यांची अक्षरं?”

“ती आज झाली ना!” मामा म्हणाले, आणि फळा पुसायला गेले.

या सगळ्या गोंधळातून समाज तगून राहिला तो माझ्या आईमुळे. आई नगरपालिकेच्या शाळेत शिकवायची, म्हणून सगळे तिला बाई म्हणत. मामांचं मन तिला लहानपणापासून पाठ होतं. फळा लागला की आमच्या घरचा फोन वाजू लागे. कशेळीची रिबकामावशी, कल्याणच्या दोघी जावा, मानकोलीला गोदामाच्या ऑफिसात नोकरी करणारी एक मुलगी, सगळ्यांचा प्रश्न एकच : “बाई, मामांचा मंगळवार म्हणजे कुठला?” आई भाजी परतता परतता सांगायची, “सोमवारी ये, दिवे लागल्यावर. स्तोत्रांचं काम आहे, म्हणजे धर्माचं.” किंवा, “सहल आहे ना? मग इंग्रजी. पण छत्री आणायला सांगितलीय, म्हणजे त्याला पावसाळ्यातलं म्हणायचंय. पुढच्या महिन्यात विचार.” पुढे फोन फार झाले, तेव्हा तिने सोपा मार्ग काढला. शब्बाथच्या प्रार्थनेहून निघताना किंवा भाजीला जाताना ती फळ्यापाशी थांबायची, आणि शब्बाथ नसेल तर पर्समधून खडू काढून मामांच्या मजकुराखाली बारीक, गोल, शाळेच्या अक्षरात कंस करायची : (म्हणजे सोमवारी, दिवे लागल्यावर.) शब्बाथला लिहायचं नसतं, म्हणून त्या दिवशी नुसतं वाचून यायची आणि रविवारी सकाळी फक्त कंसासाठी परत जायची.

मामांनी त्या कंसांची कधी दखल घेतली नाही. त्यांच्या मते त्यांच्या लिखाणात संदिग्ध काही नव्हतंच. मी एकदा मुद्दाम बोट दाखवून विचारलं, “मामा, हे खाली कोण लिहितं हो?” मामांनी चष्मा वर केला, कंस वाचला, आणि म्हणाले, “कोण लिहितं कोणास ठाऊक. अक्षर बरं आहे.”

गेल्या वर्षी आई गेली. दोन दिवस ताप, आणि तिसऱ्या सकाळी नाही. आमच्यात सात दिवस घरचे खाली जमिनीवर बसतात आणि लोक येऊन सोबत बसतात. मामा सातही दिवस आले आणि सातही दिवस दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले. जो येईल त्याला पाणी देत होते, चपला सरळ करत होते, पंखा कमीजास्त करत होते. तिसऱ्या दिवशी, मी भिंतीला पाठ लावून बसलो असताना, ते वाकून मला म्हणाले, “ताईच्या वर्षाला आपण नुसती प्रार्थना नाही ठेवायची. मलिद्याचा वर्ग ठेवू. तिच्या हातचा मलिदा कोणालाच येत नाही.”

मलिदा म्हणजे गोड पोहे, ओला नारळ, वेलची, जायफळ, वर फळं. एलियाहू हन्नबी या प्रेषिताचं नाव घेऊन आशीर्वाद म्हणायचे आणि सगळ्यांनी मिळून खायचं. आईचा मलिदा खरोखरच दुसऱ्या कोणाला जमत नसे. पण मला त्या क्षणी त्या माणसाचा राग आला. तिची माती अजून ओली होती आणि हा पुढचा कार्यक्रम लावत होता. मी म्हणालो, “मामा, निदान आज तरी पुढचं काय ते विचारू नका.” ते परत जाऊन चौकटीला टेकले. तो राग मी वर्षभर ठेवला. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करतो. गोष्टी जपून ठेवायची मला सवय आहे.

त्या वर्षात माझं कशात लक्ष लागलं नाही. पुस्तक उघडायचो, तेच पान चारदा वाचायचो, उठून खिडकीशी जायचो, परत यायचो. घरातला फोन आता वाजत नसे, आणि वाजला की दचकायला होई. दर शब्बाथला सिनेगॉगमध्ये जाऊन मी आईच्या नावाने कादिश म्हणत असे; ही प्रार्थना दहा पुरुष असतील तरच म्हणता येते, आणि ते दहा मामा कुठून कुठून गोळा करून आणत, हे मी मान्य करतो. फळाही चालूच होता. फक्त आता खाली कंस नव्हते. माणसं येत, कुलूप पाहत आणि परत जात. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा येत नसत. आपण चुकलो असं कोणालाही कोणाला सांगायला नको वाटतं. बायका तर जवळजवळ थांबल्याच. मामांच्या वर्गांना पाचाची तीन माणसं झाली, तीनाची दोन. मामा त्यावर उपाय म्हणून आणखी वर्ग लावत गेले. मला आणखी एक दिसत होतं : फळ्याच्या तळाशी, ‘सर्वांनी यावे’च्या खाली, दोन बोटं जागा ते मोकळी सोडत. वर ओळी एकमेकींच्या अंगावर चढलेल्या, आणि खाली ही रिकामी पट्टी. मला वाटायचं, म्हातारपणी हात पुरत नसेल.

मग आईच्या वर्षाचा दिवस आला. मला एवढंच हवं होतं, की ज्या बायकांनी तिला इतकी वर्षं फोन करून दिवस विचारले, त्या सगळ्या, तिचं नाव घेतलं जाईल तेव्हा तिथे असाव्यात. मामांनी फळ्यावर लिहिलं : ‘गुरुवारी संध्याकाळी बाईंच्या वर्षाची प्रार्थना. नंतर मलिदा शिकण्याचा वर्ग. सर्वांनी यावे.’

मी फळ्यासमोर उभा राहिलो. मला कळत होतं, की हा धर्माचा गुरुवार आहे, म्हणजे बुधवारी दिवे लागल्यावरचा. खडू फळ्याच्या कठड्यावर होता. मी तो उचललासुद्धा. पण तिथे मी लिहिलं, तर ती आता कधीच लिहिणार नाही हे पक्कं होईल, असा काहीतरी विचित्र विचार मनात आला. आणि थोडा रागही होता, की निस्तरू दे त्यांचं त्यांना. मी खडू खाली ठेवला आणि घरी आलो.

बुधवारी संध्याकाळी दहा पुरुष होते. त्यांना मामांनी घरोघर जाऊन तोंडी सांगितलं होतं. बायकांच्या बाकांवर कोणी नव्हतं. मामांनी दोन किलो पोहे, अकरा नारळ आणि नवी किसणी आणून ठेवली होती. रस्त्यावर रिक्षा थांबली की ते दाराकडे जात आणि परत येत. हजान थांबायला तयार होते, पण दहांतल्या दोघांना कल्याणला परतायचं होतं. मी कादिश म्हटलं. शब्द पाठ आहेत, म्हणून म्हणता आले. रिकाम्या बाकांकडे मी पाहिलं नाही. नंतर मामांनी नारळ परत पिशवीत भरले, एक एक करून, आणि आयुष्यात पहिल्यांदा “पुढचं काय?” विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसातला घरचा फोन वाजला. रिबकामावशी होती. “अरे, आम्ही दारात उभ्या आहोत. सहा-सात जणी. कुलूप आहे. कशेळीला दीड तास अडकले होते ट्रकांत, वाटलं उशीर झाला, तर इथे कोणीच नाही!”

मी रिक्षाने पोचलो, तेव्हा मामा किल्ली घेऊन नुकतेच स्कूटरवरून उतरले होते. बायका फळ्याखाली उभ्या होत्या, हातांत ताटं, फळं, एकीजवळ गुलाबाची पिशवी.

“काय रे मामा,” मावशी म्हणाली, “गुरुवार लिहिलास, गुरुवारी आलो.”

“पण गुरुवार काल होता, मावशी.”

“काल? मग आज काय आहे?”

“आज शुक्रवार. आत्ताच लागला.”

“ऐका! हा मेला आम्हाला मरतानासुद्धा एक दिवस आधी बोलावणार आणि दाराला कुलूप लावणार!” सगळ्या हसल्या. मामाही हसणार होते. मग मावशीने फळ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, “बाई असती तर विचारलं असतं रे. हात फोनकडे जातो अजून. मग कळतं, आणि विचारायला कोणी नसतं.”

मामा किल्ली हातात घेऊन पायरीवर बसले. टेकले नाहीत, बसले. दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून, पूर्ण. मी घाबरलो. त्यांना तसं मी कधी पाहिलं नव्हतं.

“मी तर जागा सोडली होती,” ते म्हणाले. ते कोणाशी बोलत होते ते कळेना. “दर आठवड्याला सोडतो. दोन बोटं. तिचं अक्षर बारीक होतं, तेवढी पुरायची. वर्ष झालं, मी सोडतोच आहे. ती लिहील म्हणून नाही. पण मी खालपर्यंत लिहिलं असतं तर…” ते थांबले. “थांबला की धावायचं, एवढंच मला येतं. धावायचं कुठे, ते तिला माहीत होतं.”

मला माझा खाली ठेवलेला खडू आठवला. मी त्यांच्या शेजारी बसलो. शेवटी मावशीच म्हणाली, “आता उठा दोघं. तारीख गेली तर गेली. पोहे भिजवायचेत.”

त्या संध्याकाळी वर्ग झाला. दहा पुरुष नव्हते. मी आणि मामा दोघेच होतो, त्यामुळे कादिश पुन्हा झालं नाही. पण बायकांनी एलियाहूचं गाणं म्हटलं आणि मग पोह्यांना नारळ किती, यावर भांडण जुंपलं. मावशी म्हणाली शेराला दोन, कल्याणची थोरली जाऊ म्हणाली तीन, “बाई तीनच घालायच्या, मी पाहिलंय.” “आणि साखर?” “साखर त्या हातानेच घालायच्या, त्याला माप काय!” शिकवणारं कोणी नव्हतं. प्रत्येकीला आईचा एक एक तुकडा आठवत होता, आणि ते तुकडे एकमेकांशी जुळत नव्हते. मलिदा आईच्या मलिद्यासारखा झाला नाही. अकरा नारळांतला एकही उरला नाही. मामा ताट हातात घेऊन भिंतीशी बसून जेवले आणि संपूर्ण जेवले.

पुढच्या रविवारी सकाळी मी भाजीची पिशवी घेऊन सिनेगॉगवरून गेलो. फळ्यावर नवा मजकूर होता : ‘मंगळवारी संध्याकाळी हिब्रू अक्षरओळख, पुन्हा पहिल्यापासून. सर्वांनी यावे.’ खाली दोन बोटं जागा होती. मी खडू घेतला आणि लिहिलं : (म्हणजे सोमवारी, दिवे लागल्यावर.) माझा हात फळ्यावर लिहायला सरावलेला नाही, ओळ शेवटी शेवटी वर चढत गेली.

मागे स्कूटर थांबल्याचा आवाज आला. मामा माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी चष्मा वर केला आणि कंस वाचला, सावकाश, दोनदा. मी खडू मुठीत लपवला, पण बोटं पांढरी झालेली होती.

“कोण लिहितं कोणास ठाऊक,” मामा म्हणाले. मग खिशातला रुमाल काढून त्यांनी तो माझ्या हातात दिला. “अक्षर तेवढं बरं नाही. लिहून लिहून होईल.”